माफियासाठी आणलेल्या कायद्यात कंपन्या कशा सापडल्या? (अमेरिकेचा रिको, आणि थोडा आपला मोक्का)

कोकणकडा_७९ (धागाकर्ता)

मंडळी, मोक्का आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीये. गल्लीतला भाई उचलला की पहिला प्रश्न, मोक्का लागला का? पण त्याचा थोरला भाऊ म्हणजे अमेरिकेचा १९७० चा रिको कायदा, आणि त्याची कुंडली बघायला बसलो तर निघालं भलतंच. आपल्याला वाटतं की कायदा गुंडांसाठी केला आणि नंतर वकिलांनी ओढूनताणून कंपन्यांना लावला. माझं म्हणणं असं की ओढाताण फारशी झालीच नाही, कायदा लिहितानाच दार सताड उघडं ठेवलेलं होतं. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी अडचण काय होती ते. १९५०-५१ मध्ये सिनेटर केफॉव्हरच्या संघटित गुन्हेगारीवरच्या सुनावण्या टीव्हीवर झाल्या, १९५७ ला न्यूयॉर्क राज्यातल्या अपलाचिन गावात देशभरचे माफिया बॉस एका बंगल्यावर जमलेले सापडले, १९६३ ला जो व्हॅलाची नावाच्या टोळीतल्याच माणसाने सिनेटर मॅक्लेलनच्या समितीपुढे बसून सगळी उतरंड सांगितली, बॉस कोण, त्याच्या हाताखाली कोण, शपथ कशी घेतात वगैरे. म्हणजे सरकारला सगळं माहिती. पण कोर्टात काय सिद्ध करणार? खून करणारा वेगळा, हप्ता गोळा करणारा वेगळा, आणि बॉस आपला क्लबात पत्ते खेळत बसलेला. शिकागोचा डॉन अल कॅपोनला सुद्धा १९३१ ला शेवटी इन्कम टॅक्समध्येच अडकवावं लागलं होतं. बरं एखादा बॉस आत गेला तरी दुसऱ्या दिवशी खुर्चीवर पुढचा माणूस बसायचा, धंदा चालूच.

मॅक्लेलनच्या हाताखाली रॉबर्ट ब्लेकी नावाचा वकील होता, त्याने मसुदा केला आणि १५ ऑक्टोबर १९७० ला निक्सनने सही केली. युक्ती अशी की गुन्हा एकेकटा बघायचाच नाही. एक 'एंटरप्राइझ' दाखवा, म्हणजे टोळी, कंपनी, युनियन, सरकारी खातं काहीही, आणि तिचा कारभार ठरावीक यादीतले गुन्हे वारंवार करून चालवलाय हे दाखवा, दहा वर्षांत निदान दोन. मग तो कारभार चालवणं किंवा त्यात भाग घेणं हाच वेगळा गुन्हा, एकेका कलमाला वीस वर्षांपर्यंत, वर त्यातून कमावलेली मालमत्ता जप्त. आता ती यादी बघा. खून, अपहरण, खंडणी, जुगार, लाच हे आलंच, पण त्याच यादीत टपालाने केलेली फसवणूक, तार-टेलिफोनवरून केलेली फसवणूक आणि शेअर बाजारातली फसवणूक पण आहे. टपाल आणि फोन न वापरता कुठली कंपनी चालते सांगा मला!

आणि एक भारी किस्सा. संसदेत चर्चा चालू असताना न्यूयॉर्कचा मारियो बियाजी नावाचा खासदार म्हणाला की सरळ 'माफिया' असं नाव घालूया आणि त्याचं सदस्य असणं हाच गुन्हा ठरवूया. ते नामंजूर झालं, कारण नुसतं कोणीतरी असणं हा गुन्हा ठरवला तर घटनेपुढे टिकणार नाही. म्हणून कायद्यात माफियाचं नावच नाही, फक्त वागण्याचं वर्णन. पुढे १९८८ ला वेडटेक नावाच्या संरक्षण कंत्राटदार कंपनीच्या भानगडीत हेच बियाजी साहेब रॅकेटियरिंगमध्येच (म्हणजे याच रिकोखाली) दोषी ठरले. नियती वगैरे मी मानत नाही पण हे वाचून हसू आलं.

पुढचं प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावतायत.

सई_ठाणे

मस्त विषय, पुढच्या लेखनाला शुभेच्छा. बियाजीचा किस्सा अशक्य आहे 😄

उनाड_बैल

वाचनखूण साठवली. पण सोन्याच्या साखळ्यावाले कधी येणार? आम्ही त्यासाठी धागा उघडला.

कोकणकडा_७९

@उनाड_बैल घ्या. गंमत म्हणजे कायदा झाल्यावर जवळजवळ दहा वर्षं बड्या धेंडांवर तो कोणी नीट वापरलाच नाही, सरकारी वकिलांना झेपत नव्हता. ब्लेकी कॉर्नेलला प्रोफेसर झाला होता, तिथे तो उन्हाळ्यात एफबीआयवाल्यांचे आणि सरकारी वकिलांचे वर्ग घ्यायचा, की अरे बाबांनो माणसाच्या मागे लागू नका, संस्थेच्या मागे लागा. १९८० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मग आला तो कमिशनचा खटला. न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांच्या बॉस लोकांची मिळून एक 'कमिशन' होती, ती भांडणं मिटवायची, कोणाला उडवायला परवानगी द्यायची ते ठरवायची. फेब्रुवारी १९८५ ला रुडी जुलियानीने (हो तोच, तेव्हा न्यूयॉर्कचा सरकारी वकील, पुढे महापौर झालेला) ती अख्खी कमिशन हीच एंटरप्राइझ म्हणून आरोपपत्र ठोकलं. पुरावा कुठून आला? लुकेझी घराण्याचा बॉस टोनी कोरालो फोनवर, घरात, क्लबात चुकूनही धंद्याचं बोलायचा नाही. पण रोज ड्रायव्हरच्या जॅग्वार गाडीत बसून फिरायचा आणि तिथे मात्र मोकळेपणाने सगळं बोलायचा. पोलिसांनी १९८३ ला त्या जॅग्वारमध्येच माइक बसवला आणि मागून दुसऱ्या गाडीतून टेप करत फिरत राहिले. तोंड बंद ठेवण्याबद्दल ज्याची ख्याती त्याचंच बोलणं कोर्टात वाजलं.

आणि त्या खटल्यात सगळ्यात महत्त्वाचं काय होतं माहितीये? काँक्रीट! मॅनहॅटनमध्ये २० लाख डॉलरच्या वरचं काँक्रीटचं काम कोणाला मिळणार हे कमिशन ठरवायची, ठरावीक कंपन्यांचा क्लब होता, निविदा आधीच ठरलेल्या, आणि त्या बदल्यात कंत्राटाच्या २ टक्के वर पोचवायचे. नाही ऐकलं तर युनियन कामावर येणार नाही, मिक्सरमधला माल तिथेच सुकेल. म्हणजे बंदुका मागे होत्या पण पुढे काय दिसत होतं, तर कंत्राटदारांची साखळी आणि ठरवून लावलेले भाव. नोव्हेंबर १९८६ ला आठही जण दोषी, सात जणांना शंभर शंभर वर्षं. गॅम्बिनोचा बॉस कॅस्टेलानो पण आरोपी होता पण त्याला डिसेंबर ८५ मध्येच मॅनहॅटनच्या एका स्टेकहाउसबाहेर गोळ्या घातल्या.

जर्सीकर

आमच्या ऑफिसातले जुने इटालियन सिव्हिलवाले अजून त्या काँक्रीटच्या गोष्टी सांगतात, रेट असा होता की न्यूयॉर्कमध्ये बांधायचं म्हणजे काळजावर दगड. पण काका, त्या काँक्रीट कंपन्या बिचाऱ्या म्हणायच्या की सामील? क्लबात असलेल्याला २ टक्के देऊन स्पर्धाच संपत होती, ते पैसे शेवटी बिल्डरच्या आणि भाडेकरूच्याच डोक्यावर. मला तर वाटतं कंपन्यांना रिको लावायची सुरुवात मनाने तिथेच झाली.

कोकणकडा_७९

@जर्सीकर मुद्दा बरोबर आहे, पण कायद्याने त्याच्याही आधी झाली होती. हे ऐका, उलटंच आहे. कायद्याचा मूळ हेतू असा की माफियाचा काळा पैसा चांगल्या धंद्यांत शिरतोय तो थांबवायचा. म्हणून १९८१ ला टर्केट नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे जो वाद गेला तो हा नव्हता की कंपन्यांना कायदा लागतो का. वाद हा होता की निव्वळ गुंडांच्या टोळीला तो लागतो का!! खालच्या कोर्टाने म्हटलं होतं की एंटरप्राइझ म्हणजे सरळमार्गी धंदाच हवा. सुप्रीम कोर्टाने म्हटलं दोन्ही चालतात. म्हणजे कंपनी तर पहिल्या दिवसापासून आतच होती, फक्त बिचारी सावज म्हणून होती. तिला आरोपी करायला फार मोठी उडी लागली नाही.

काळाकोट

लेख छान चाललाय पण धागाकर्त्याने अजून खरी मेख सांगितलीच नाही, म्हणून मध्ये घुसतो. आम्ही कोर्टात उभे राहणारे लोक कलम १९६४ च्या पोटात बघतो. रिकोचा फौजदारी भाग सगळ्यांना माहिती, पण त्यात एक दिवाणी तरतूद आहे की या रॅकेटमुळे तुमच्या धंद्याचं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर तुम्ही स्वतः, खाजगी माणूस, दावा लावा आणि जिंकलात तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वर वकिलाची फी समोरच्याकडून. तिप्पट! आता मला सांगा कुठला वकील हे सोडेल.

१९८५ चा सेडिमा खटला वाचा. बेल्जियमची एक कंपनी आणि अमेरिकेची एक कंपनी, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग निर्यात करायचा एकत्र धंदा, बेल्जियमवाल्यांचं म्हणणं की समोरच्याने फुगवलेली बिलं लावून निदान १ लाख ७५ हजार डॉलर लाटले. दोन व्यापाऱ्यांमधलं रडगाणं, माफियाचा संबंध शून्य. खालचं कोर्ट म्हणालं की आधी कोणाला तरी फौजदारीत शिक्षा झालेली दाखवा मग दिवाणी रिको लावा. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ते उडवलं. निकालात आकडेच दिलेत, तोपर्यंतच्या २७० निकालांपैकी फक्त ९ टक्क्यांत धंदेवाईक गुन्हेगारांचे म्हणावेत असे आरोप होते, ४० टक्के शेअरच्या फसवणुकीचे आणि ३७ टक्के साध्या व्यापारी फसवणुकीचे. कोर्टाने मान्य केलं की हे संसदेच्या डोक्यात नसेल कदाचित, पण शब्द इतके रुंद आहेत त्याला आम्ही काय करणार, संसदेने बदलावेत.

सई_ठाणे

म्हणजे कोणीही कोणालाही रॅकेटियर म्हणू शकतो? बिल जास्त लावलं म्हणून? हे जरा जास्तच नाही का?

काळाकोट

@सई_ठाणे जास्त आहेच, आणि कोर्टाला पण ते नंतर जाणवलं. १९८९ ला म्हणाले की नुसते दोन गुन्हे पुरत नाहीत, त्यांचा एकमेकांशी संबंध हवा आणि सातत्य हवं किंवा पुढे चालू राहायचा धोका हवा. १९९३ ला अर्न्स्ट अँड यंगच्या खटल्यात म्हणाले की बाहेरचा ऑडिटर नुसता हिशेब तपासत होता म्हणून तो रॅकेट चालवत होता असं होत नाही, कारभार चालवण्यात हात हवा. मग १९९५ ला संसदेने शेअर फसवणुकीचे बहुतेक दावे दिवाणी रिकोतून बाहेरच काढले. सेडिमातले ४० टक्के आठवा, तेच. वॉल स्ट्रीटने जोर लावला की कायदे किती पटकन सुधारतात बघा.

उनाड_बैल

वॉल स्ट्रीट म्हणजे मिल्कन ना? जंक बाँडवाला?

जर्सीकर

हो मायकेल मिल्कन, जास्त व्याजाचे पण जोखमीचे कर्जरोखे (जंक बाँड) विकणारा. त्याची कंपनी ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट. इथे मात्र माझं धागाकर्त्याशी थोडं वाजणार आहे, कारण तुम्ही सगळे रिकोच्या प्रेमात पडल्यासारखे लिहिताय. ड्रेक्सेलवर रिको लागलाच नाही, लावू म्हणून नुसतं सांगितलं. रिकोत खटला उभा राहायच्या आधीच मालमत्ता गोठवता येते, आणि जी कंपनी उसन्या पैशांवर आणि लोकांच्या भरवशावर चालते तिची मालमत्ता गोठवली की ती आठवड्यात संपते. म्हणून डिसेंबर १९८८ ला ड्रेक्सेलने गुन्हा कबूल करायचं ठरवलं आणि ६५ कोटी डॉलर द्यायला तयार झाली, आणि फेब्रुवारी १९९० ला तरी बुडालीच. मिल्कनवर ९८ कलमं, त्यात रिको, शेवटी तडजोडीत सहा गुन्हे कबूल केले त्यात रिको एकही नाही.

आणि त्याहून वाईट प्रिन्स्टन न्यूपोर्ट नावाच्या छोट्या गुंतवणूक कंपनीचं. १९८७ च्या शेवटी मार्शल लोकांची अख्खी पलटण घेऊन धाड, १९८८ ला रिकोखाली आरोपपत्र, गुंतवणूकदार पळाले, वर्षअखेरीस कंपनी बंद. खटला अजून सुरू पण झाला नव्हता! १९८९ ला शिक्षा झाल्या आणि १९९१ ला अपिलात रिकोची शिक्षा रद्द. आता कंपनी परत कोण देणार? जुलियानी तोवर निवडणुका लढवण्यात मग्न.

कोकणकडा_७९

@जर्सीकर प्रेमात वगैरे नाही हो. प्रिन्स्टनचं जे झालं ते वाईटच झालं, त्यात वाद नाही, आणि शिक्षेआधी गोठवणं हा भाग मला आपल्याकडच्या जप्त्या बघूनही पटत नाही. पण तुम्ही म्हणता तसं धाकानेच काम होतं म्हणून कायदा वाईट, हे मान्य नाही. बॉसला तुरुंगाची भीती नव्हती, आत बसूनही तो टोळी चालवायचा. कंपनीच्या संचालकाला दंडाची भीती नसते कारण दंड शेअरहोल्डर भरतो. दोघांनाही धंदाच हातातून जाईल ही एकच भीती लागू पडते. सेडिमावर टीका झाली तेव्हा ब्लेकी स्वतः म्हणायचा की निळ्या कॉलरवाल्या आणि इटालियन आडनावाच्या लोकांना एक नियम आणि पांढऱ्या कॉलरच्या मोठ्या कॉलेजवाल्यांना दुसरा, असं चालणार नाही.

आजोबा_गिरगाव

तंबाखूबद्दल कोणीच बोलेना. मी चाळीस वर्षं विल्स ओढली आणि आता इनहेलर ओढतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

कोकणकडा_७९

आजोबा तेच लिहायला घेतलं होतं, माझ्या मते रिकोचा सगळ्यात मोठा कॉर्पोरेट खटला तोच. डिसेंबर १९५३ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख भेटले, बरोबर जाहिरात-जनसंपर्क कंपनी घेतली, आणि जानेवारी ५४ मध्ये देशभरच्या पेपरात पानभर निवेदन की लोकांचं आरोग्य आमच्यासाठी सर्वात आधी, आम्ही संशोधनाला पैसे देतोय. पुढची पन्नास वर्षं आत एक माहिती आणि बाहेर दुसरी. १९९९ ला सरकारने दिवाणी रिको लावला, की एकमेकांचे स्पर्धक असलेल्या या कंपन्या या एका कामापुरत्या एकच एंटरप्राइझ होत्या. अपलाचिनचा बंगला आणि प्लाझाची खोली शेजारी शेजारी ठेवून बघा, दोन्हीकडे एकमेकांचे प्रतिस्पर्धी सगळ्यांच्या फायद्याचं ठरवायला एकत्र बसलेत.

ऑगस्ट २००६ ला न्यायाधीश ग्लॅडिस केस्लर यांनी सोळाशेवर पानांचा निकाल दिला, कंपन्यांनी रॅकेटियरिंग केलं म्हणून. पण पैसे? सरकारने २८० अब्ज डॉलर कमाई परत मागितली होती, अपील कोर्टाने २००५ मध्येच सांगितलं होतं की दिवाणी रिकोत सरकारला पुढचा गुन्हा थांबवण्यापुरतेच उपाय मागता येतात, मागची कमाई नाही. मग उरलं काय तर कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने खरी माहिती छापायची. त्यातल्या शब्दांवर सुद्धा कंपन्या अकरा वर्षं भांडल्या! शेवटी नोव्हेंबर २०१७ पासून पेपरात आणि टीव्हीवर ते आलं, की धूम्रपानाने रोज सरासरी १२०० अमेरिकन मरतात.

आजोबा_गिरगाव

म्हणजे ६३ वर्षांनी खरं बोलले, ते पण कोर्टाने कान धरल्यावर. आणि तुरुंगात कोण गेलं?

काळाकोट

आजोबा, कोणीही नाही, दिवाणी दावा होता. तुरुंगात गेलेला हवा असेल तर जॉन कपूर घ्या. अमृतसरचा जन्म, बी.फार्म. आपल्या मुंबई विद्यापीठाचं, मग अमेरिकेत पीएचडी आणि औषध कंपन्या काढून अब्जाधीश. त्याची इन्सिस ही कंपनी सबसिस नावाचा फेंटानिलचा (अफूच्या जातीचं जबर वेदनाशामक) स्प्रे विकायची, जिभेखाली मारायचा, कॅन्सरच्या असह्य वेदनांसाठीच मंजूर. आता कॅन्सरचे पेशंट असून असून किती असणार? म्हणून डॉक्टरांना 'व्याख्यानाचे' पैसे द्यायचे. व्याख्यान म्हणजे महागड्या हॉटेलात जेवण, श्रोते नाहीतच किंवा डॉक्टरचेच मित्र आणि स्टाफ. जास्त चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला जास्त व्याख्यानं. विमा कंपनी पैसे देईना तर इन्सिसने स्वतःचंच कॉल सेंटर काढलं, तिथले लोक विमावाल्यांना असं भासवायचे की डॉक्टरच्या दवाखान्यातून बोलतोय, आणि नसलेल्या कॅन्सरचा समज करून द्यायचे. सेल्सवाल्यांचा एक रॅप व्हिडिओ कोर्टात दाखवला, त्यात स्प्रेच्या बाटलीचा पोशाख घालून नाचतोय तो माणूस म्हणजे विक्री विभागाचा व्हाइस प्रेसिडेंट!

मे २०१९ ला बॉस्टनच्या ज्युरीने कपूर आणि चार जणांना रिकोच्या कटात दोषी धरलं, जानेवारी २०२० ला कपूरला साडेपाच वर्षं. न्यायाधीशांनी निकालाचा काही भाग मध्ये रद्द केला होता पण टपाल आणि फोनवरच्या फसवणुकीवर शिक्षा टिकली. धागाकर्ते, तुमची यादी तिथेच कामाला आली.

सई_ठाणे

आई गं. ते कॉल सेंटरचं वाचून मळमळलं. एन्रॉनला पण रिकोच लागला होता ना?

काळाकोट

नाही. एन्रॉनच्या मोठ्या लोकांवर कट, शेअर फसवणूक, फोनवरची फसवणूक हीच कलमं होती. रिको लावायला सरकारी वकिलाला वॉशिंग्टनहून आधी परवानगी घ्यावी लागते, आणि साध्या कलमांत काम भागत असेल तर कोणी तो डोंगर चढत नाही.

उनाड_बैल

आता मोक्क्यावर या. फ्लॅटचे पैसे घेऊन पळालेल्या बिल्डरला मोक्का का लागत नाही? आमचे पैसे अडकलेत म्हणून विचारतोय.

काळाकोट

मोक्का १९९९ चा. साचा ओळखीचा वाटेल बघा, दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं, टोळी, आर्थिक फायदा. पण आपण उचललं काय आणि सोडलं काय ते महत्त्वाचं. फोन टॅपिंग घेतलं, कडक जामीन घेतला, आणि एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरला. दिवाणी भाग मात्र घेतलाच नाही. म्हणजे तुम्हाला स्वतः उठून कोणावर रॅकेटचा दावा लावून तिप्पट भरपाई मागता येत नाही, डीआयजीची पूर्वपरवानगी असल्याशिवाय गुन्हाच नोंदता येत नाही. म्हणून रिको वकिलांच्या हातात गेला आणि मोक्का पोलिसांच्याच हातात राहिला. पांढरपेशा गुन्ह्यात तो लागलाच नाही असं नाही, तेलगीच्या स्टँप पेपरला लागला होता. पण बुडालेल्या ठेवीदारांसाठी आपल्याकडे त्याच १९९९ सालचा एमपीआयडी हा ठेवीदार संरक्षण कायदा वापरतात, एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) घोटाळ्यात तोच लावला. आता जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १११ आलंय, त्यात संघटित गुन्ह्यात आर्थिक गुन्हे स्पष्ट लिहिलेत, पण तिथेही किल्ली सरकारकडेच. तुमच्या बिल्डरसाठी आधी महारेरा आणि ग्राहक आयोग बघा, व्यनि (खाजगी निरोप) करा.

उनाड_बैल

व्यनि केलाय.

जर्सीकर

अवांतर, तो दिवाणी रिको आता कुठपर्यंत आलाय त्याचं ताजं उदाहरण. इथे एका ट्रक ड्रायव्हरने दुखण्यासाठी गांजाच्या झाडापासून काढलेलं सीबीडीचं औषध घेतलं, जाहिरातीत लिहिलेलं की नशेचा घटक अजिबात नाही. ड्रग टेस्टमध्ये सापडला, नोकरी गेली. त्याने कंपनीवर रिको लावला, खोटी जाहिरात करून टपालाने आणि फोनवरून फसवलं म्हणून. एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ ने म्हणालं की दावा पुढे चालू दे.

सई_ठाणे

मग त्याला तिप्पट पगार मिळाला का?

काळाकोट

अजून नाही. कोर्टाने एवढंच म्हटलं की शरीराला झालेल्या इजेतून धंद्याचं नुकसान झालं एवढ्या कारणाने दावा दारातच फेटाळता येणार नाही. नोकरी जाणं म्हणजे 'धंद्याचं किंवा मालमत्तेचं नुकसान' का, आणि जाहिरातीत रॅकेटचं सातत्य होतं का, हे त्याला खालच्या कोर्टात सिद्ध करावं लागणार, आणि माझ्या अंदाजाने दुसरा मुद्दाच जड जाईल.